खालची झडप : कॅम्पिंगच्या ग्रिलचा सात महिन्यांचा अनुभव

गेल्या मंगळवारी ग्रिलच्या कंपनीकडून मोबाइलवर संदेश आला : ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.’ तक्रार मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदवली होती आणि आता जुलै सुरू आहे. समाधान नेमके कोणाचे झाले हे संदेशात नमूद नव्हते. माझे झाले असेल, तर ते मार्चमध्येच गोव्यात डिचोलीतील एका वेल्डिंगवाल्याने ६० रुपयांत केले होते. ते कसे, हे लिहून ठेवावे असे या संदेशामुळे वाटले.

ग्रिलची मापे, रंग आणि खोक्यात मिळणारे सुटे भाग हे सारे जाहिरातीत असते, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. अठरा इंची, गोल, झाकणाचे, तीन पायांचे हे ग्रिल मी नोव्हेंबरात ८,४०० रुपयांना घेतले आणि मेअखेरपर्यंत अकरा वेळा वापरले. त्यांपैकी आठ वेळा बोकडाचा खांदा पाच ते सहा तास मंद आचेवर शिजवला. चिकनचे तुकडे वीस मिनिटांत भाजण्यापुरतेच ग्रिल हवे असेल, तर एवढे पैसे घालवू नयेत. त्या कामाला दीड हजारांची घडीची शेगडी पुरते, आणि खरे तर चार चिरे मांडून वर जाळी ठेवली तरी भागते.

मंद आचेचे गणित मात्र वेगळे आहे. खांद्याच्या आणि मानेच्या मांसात कोलॅजन भरपूर असते. ते विरघळून जिलेटिन व्हायचे, तर मांसाच्या आतले तापमान सत्तर अंशांच्या वर बराच वेळ राहावे लागते, आणि नव्वदच्या पुढे गेले की खांद्याचे हाड नुसते धरून ओढले तरी सुटून हातात येते. त्यासाठी झाकणाखालची हवा पाच-सहा तास ११० ते १२० अंशांच्या आसपास राखावी लागते. घडीच्या शेगडीला नीट बसणारे झाकण नसते. मातीची जाड ग्रिले उष्णता उत्तम धरतात, पण ती कॅम्पिंगला नेणे म्हणजे सहलीला पाटा-वरवंटा नेण्यासारखे आहे. धुरावर मांस शिजवायच्या उभ्या पिंपासारख्या स्मोकरने आमच्या छोट्या गाडीची अर्धी डिकी व्यापली असती आणि तंबू टपावर बांधावा लागला असता. म्हणून हे मधले गोल ग्रिल निवडले, आणि ती निवड चुकली असे मला आजही वाटत नाही.

आम्ही सहा जण गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, माझ्या मामेभावाच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, मुक्कामाला जातो. किनाऱ्यावर हा उद्योग करण्याचा विचार कोणी करू नये, कारण पर्यटनस्थळी उघड्यावर अन्न शिजवण्यास गोव्यात २०१९ च्या कायदादुरुस्तीपासून दंड आहे. जंगलात तर मुळीच करू नये. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याचे डोंगर पेटलेले सत्तरीतल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे कुळागरातसुद्धा मामा आम्हाला पाण्याच्या पाटाजवळची ओली जागा सोडून कोठेही निखारा काढू देत नाहीत.

नोव्हेंबर आणि डिसेंबरातील पहिल्या तीन खेपा निर्विघ्न पार पडल्या. जानेवारीत बिनसले. झाकणावरचा तापमापक दीडशेच्या पुढे गेला, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या वरच्या-खालच्या दोन्ही झडपा जवळजवळ बंद केल्या तरी काटा खाली येईना, आणि चार तासांनी खांदा बाहेरून कोळसा व आतून रबर होऊन निघाला. मी सगळा दोष तापमापकाला दिला. घरी येऊन तो उकळत्या पाण्यात धरला, तेव्हा त्याने शंभराऐवजी अठ्ठ्याऐंशी दाखवले, आणि मला आरोपी सापडल्याचा आनंद झाला. त्याच आनंदाच्या भरात मी कंपनीला एक कडक ईमेलही पाठवली. तापमापक बारा अंश कमी दाखवतो याचा अर्थ आतली हवा दीडशेपेक्षाही अधिक तापलेली होती, म्हणजे मूळ दुखणे भलतेच आहे, एवढी साधी गोष्ट दोन दिवसांनी ध्यानात आली. ईमेल तोवर जाऊन पोहोचली होती.

त्यानंतर संशय करवंटीच्या कोळशावर गेला. हा कोळसा आमच्याकडे सहज मिळतो, धूर कमी करतो, राखही थोडी ठेवतो, पण पेटला की जोरात पेटतो. मी निमूटपणे दाबून बनवलेल्या, एकसारख्या आकाराच्या कोळशाच्या वड्या आणल्या. परिस्थिती सुधारली, पण पुरती नाही.

खरी गोष्ट उघडकीस आली ती माझ्या चिकटपणामुळे. स्वयंपाक आटोपला की दोन्ही झडपा बंद करायच्या, हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला वापरता येतो, हा झाकणाच्या ग्रिलचा मोठा फायदा आहे. डिसेंबरात सकाळी मला जवळजवळ किलोभर कोळसा परत मिळायचा. फेब्रुवारीत झाकण उघडले तर आत निव्वळ राख होती. किलोला ७० रुपये मोजणाऱ्या माणसाला झोपेतून खडबडून जागे करायला एवढे पुरेसे आहे. पुढच्या मुक्कामी रात्री सगळे झोपल्यावर मी दोन्ही झडपा बंद केल्या, बॅटरी विझवली आणि ग्रिलच्या पोटाखाली जमिनीला गाल लावून पाहिले. बंद झडपेच्या एका कडेने, नखाच्या कोरीएवढी, लालभडक रेघ दिसत होती. वारा आला की ती उजळायची आणि पडला की मंद व्हायची. चिमट्याने झडप ढकलली तेव्हा ती रिव्हेटवर सैल डुगडुगत होती.

आता या रिव्हेटविषयी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण बाकीचे ग्रिल चांगले असूनही या एका दाण्याएवढ्या वस्तूने माझे काही महिने खाल्ले. झडप पोलादी आहे, ग्रिलचे भांडे पोलादी आहे आणि दोहोंना जोडणारा रिव्हेट ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याची ताकद त्याच्या पुष्कळ आधी, दोन-अडीचशे अंशांनंतरच ढासळू लागते. हा रिव्हेट भांड्याच्या तळाशी, निखाऱ्यांच्या अगदी खाली बसवलेला आहे, आणि कोळशाची जाळी त्याच्यापासून जेमतेम दोन बोटे वर आहे. प्रत्येक खेपेला तो तापतो, मऊ होतो, झडप फिरवताना थोडा ताणला जातो आणि निवल्यावर तसाच राहतो. मंद आचेचा सारा खेळ खालून आत येणाऱ्या हवेवर चालतो. त्या एकाच हवेच्या दारावर कंपनीने चार पैसे वाचवले आहेत. झाकणाच्या लाकडी मुठीवर मात्र नक्षी आहे.

ग्राहक सेवेशी झालेला संवाद थोडक्यात देतो.

‘सर, झडप फिरते आहे ना?’

‘फिरते, पण बंद होत नाही.’

‘फिरत असेल तर तो उत्पादनातील दोष मानला जात नाही, सर.’

मग व्हिडिओ मागितला, तो पाठवला. मग बिल मागितले, तेही पाठवले. तिसऱ्या आठवड्यात कळले की वॉरंटी एक वर्षाची आहे, परंतु ‘ज्वाळेच्या संपर्कात येणाऱ्या भागांना’ ती लागू नाही. ग्रिलमधील कोणता भाग ज्वाळेच्या संपर्कात येत नाही, असे मी लेखी विचारले, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. दरम्यान, ग्रिल स्वखर्चाने परराज्यातील केंद्रात पाठवावे, असा तोडगा सुचवण्यात आला. त्या कुरिअरच्या पैशांत दोन खांदे आले असते.

मार्चमध्ये ग्रिल उचलून डिचोलीतील वेल्डिंगच्या दुकानात नेले. तेथील गृहस्थांनी झडप दोनदा फिरवली, मान हलवली आणि म्हणाले, ‘पात्रांव, ह्याला कंपनी कशाला हवी?’ ड्रिलने रिव्हेट काढला आणि डब्यातून एक चकचकीत बोल्ट उचलला. तो जस्ताचा मुलामा दिलेला होता, आणि जस्त तापले की त्याची वाफ पोटात जाऊ नये, म्हणून मी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट मागितला. त्यांनी माझ्याकडे क्षणभर रोखून पाहिले, मग दुसऱ्या डब्यातून तसा बोल्ट, एक स्प्रिंग वॉशर आणि दोन नट काढले. एक नट आवळून त्यावर दुसरा बसवला, म्हणजे झडप फिरते, पण नट सैल होत नाही. झडपेची वाकलेली कड हातोडीच्या तीन हलक्या ठोक्यांनी सपाट केली. दहा मिनिटे लागली असतील.

त्यानंतरच्या पाच खेपांनी माझे मत बदलले, हे मान्य केले पाहिजे. फेब्रुवारीत कोणी विचारले असते तर मी हे ग्रिल भंगारवाल्याला दाखवा असे सांगितले असते. आता कोळशाच्या वड्या कडेने दोन थरांत, सापासारख्या वळवून ठेवतो, एका टोकाला पाच-सहा पेटत्या वड्या मांडतो, मध्ये पाण्याची थाळी ठेवतो आणि थाळीच्या वर मांस. खालची झडप करंगळीभर, वरची अर्धी. आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश सरकत जाते. एप्रिलमध्ये आतली हवा साडेचार तास ११५ अंशांच्या आगेमागे राहिली. एवढा वेळ मी झाकणाला हात लावला नाही, ही माझ्या स्वभावाच्या दृष्टीने वेगळीच कामगिरी आहे. तापमापक अजून बारा अंश कमीच दाखवतो, मी मनात बारा मिळवतो.

मांसाचे तापमान अडुसष्टच्या आसपास येऊन तासभर अडते, तेव्हा घाबरून झडपा उघडू नयेत. मांसाच्या पृष्ठभागावरील ओलावा वाफ होऊन उडत असतो आणि आतली उष्णता त्यात खर्ची पडते. घामाने अंग गार राहते तसेच हे आहे. त्या टप्प्यावर मी खांदा केळीच्या पानांच्या तीन पदरांत घट्ट गुंडाळतो, वाफ आत कोंडली जाते आणि मांसाचे तापमान पुन्हा चढू लागते. आदल्या रात्री रेशाद हा गोव्याकडचा लाल मिरचीचा मसाला आणि माडाचे व्हिनेगर लावून खांदा बर्फाच्या पेटीत ठेवलेला असतो. धुरासाठी आंब्याच्या सुक्या लाकडाचे दोन तुकडे पुरतात. शेजारच्या काकांनी काजूची टरफले घालण्याचा सल्ला आपुलकीने दिला होता. परंतु त्या टरफलांतील तेलाने कातडी भाजते हे काजूची बोंडू गोळा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्याचा धूर अन्नाला देण्याची माझी तयारी नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाने गाठले. खांदा शिजायला दोन तास बाकी होते, आणि आमच्यातला एक जण ग्रिल उचलून तंबूत आणायला निघाला. मी अक्षरशः आडवा गेलो. झाकणाखाली दबलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो, त्याला वास नसतो, आणि बंद तंबूत झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. विझत आलेले ग्रिलही आत नेऊ नये. शेवटी सुपारीच्या दोन झाडांना ताडपत्री उंच बांधली, चारही बाजू मोकळ्या ठेवल्या आणि छत्र्या घेऊन बाहेर उभे राहिलो. वरच्या झडपेतून थोडे पाणी आत गेले आणि काटा वीस अंशांनी उतरला, पण एका तासाने जागेवर आला. जेवायला रात्रीचे साडेदहा झाले.

बाकी लहानसहान तक्रारी आहेत. पायांच्या खोबणीजवळ इनॅमलचा टवका उडाला आहे, पाय मऊ जमिनीत रुततात म्हणून खाली चिऱ्याचे तुकडे ठेवावे लागतात, आणि ती नक्षीची मूठ तापते.

विकत घेणाऱ्यांनी दुकानात एक परीक्षा जरूर करावी. खालची झडप बंद करावी, मोबाइलचा टॉर्च लावून तो भांड्यात ठेवावा, झाकण लावावे आणि दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात खालून पाहावे. प्रकाशाची रेघ दिसली तर ते ग्रिल परत ठेवावे. मग रिव्हेटला चुंबक लावून पाहावे. चिकटला तर पोलाद आहे आणि काळजी मिटली. न चिकटल्यास तो ॲल्युमिनियमचाही असू शकतो आणि काही स्टेनलेस स्टीलचाही, म्हणून दुकानदाराला विचारावे आणि त्याने तोंड वाकडे केले तरी उत्तर घेऊनच निघावे. आठ हजारांच्या वर जाऊ नये, मी चारशे रुपये जास्त दिले.

संदेशापाठोपाठ गुरुवारी पार्सलही आले. आत नवी झडप होती, बावीस इंची ग्रिलची, आणि तिच्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ॲल्युमिनियमचा एक रिव्हेट. आमचे ग्रिल सध्या माडीवर आहे. राख खरवडून, पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवले आहे, कारण पावसाळ्यात राख ओलावा ओढते आणि पत्रा खाते. दर पंधरा दिवसांनी वर जाऊन झडप एकदा फिरवतो. काल फिरवली तेव्हा किंचित कुरकुरली, पण पूर्ण बंद झाली.