एकाच वजनात मुक्काम की वरची चढण? हलक्या गटातल्या बॉक्सरचा हिशोब

हौशी बॉक्सिंग सोडून व्यावसायिक व्हायचं ठरलंय, अंगावर पन्नासेक किलो वजन आहे आणि मॅनेजर विचारतोय, "कुठल्या गटात उतरायचं?" वरवर पाहता काट्यावर जो आकडा येईल तो आपला गट. पण जड गटातल्या बॉक्सरला हा प्रश्न कारकिर्दीत एक-दोनदा पडतो, हलक्या गटातल्याला दर दोन वर्षांनी. त्याच्या उत्तरावर तुमची कमाई, तुमचे प्रतिस्पर्धी आणि तुमची तब्येत अवलंबून असते. म्हणून दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी आकडे. मिनिममवेट 105 पौंड (47.6 किलो), लाइट फ्लायवेट 108, फ्लायवेट 112 (50.8 किलो), सुपर फ्लायवेट 115, बँटमवेट 118 (53.5 किलो), सुपर बँटमवेट 122 (55.3 किलो). तीन-चार पौंडांच्या या पायऱ्या बघून लोक म्हणतात, एवढ्याशा फरकाने काय होतंय? टक्केवारी काढली की कळतं. 160 पौंडांच्या मिडलवेटवाल्याने 175 च्या लाइट हेवीवेटपर्यंत जाणं म्हणजे सव्वानऊ टक्क्यांच्या थोडी वर वाढ, आणि एवढी मजल मारणाऱ्याचं नाव होतं. 105 वरून 118 वर जाणं म्हणजे सव्वाबारा टक्क्यांहून जास्त. पौंड कमी दिसतात, पण उडी मोठी असते.

मुक्काम करणाऱ्यांचा आदर्श म्हणजे मेक्सिकोचा रिकार्डो लोपेस. 1990 मध्ये त्याने हिदेयुकी ओहाशीकडून मिनिममवेटचा डब्ल्यूबीसी (किताब देणाऱ्या चार मोठ्या जागतिक संघटनांपैकी एक) किताब घेतला आणि वीसहून अधिक वेळा त्या गटात किताब राखला. एकूण 52 लढती, 51 विजय, एक बरोबरी, पराभव शून्य. कारकिर्दीच्या शेवटाकडे, 1999 मध्ये, तो एकच पायरी वर गेला आणि लाइट फ्लायवेटचाही किताब घेऊन निवृत्त झाला. हेच अंतर, हाच वेग, हीच उंची वर्षानुवर्षं समोर असल्यामुळे त्याचा प्रत्येक ठोसा मोजूनमापून पडायचा. मुक्कामाचा मोठा फायदा हाच. शरीर बदलत नाही, म्हणून तंत्र मुरत जातं.

पण लोपेसबद्दल आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एवढा निर्दोष बॉक्सर असूनही सर्वसाधारण प्रेक्षकाला तो फारसा माहीत झाला नाही. 105 पौंडांच्या गटात मोठं नाव असलेला प्रतिस्पर्धी मिळणंच अवघड होतं. हा गट तेव्हा नवा होता, 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला. आजही तिथली गर्दी मुख्यतः जपान, फिलिपिन्स, थायलंड आणि मेक्सिको या देशांतली आहे. किताबाची लढत बहुधा तिकडेच ठरते, म्हणजे बाहेरून येणाऱ्याने परक्या रिंगमध्ये, परक्या प्रेक्षकांपुढे लढायचं. मात्र गर्दी कमी म्हणून किताबापर्यंतची वाट छोटी. ज्याला लवकर विश्वविजेता व्हायचंय त्याला ही गोष्ट डोळ्यांआड करून चालणार नाही.

पैशाचं बोलू, कारण तिथेच बहुतेकांचा निर्णय होतो. लाइट फ्लायवेटमध्ये दहा लाख डॉलर मानधन मिळवणारा पहिला बॉक्सर मायकेल कार्बाहाल, तेही 1994 मध्ये, हुंबेर्तो 'चिकिता' गोन्सालेसबरोबरच्या दुसऱ्या लढतीत. पहिल्या लढतीत कार्बाहाल दोनदा खाली पडून सातव्या फेरीत जिंकला होता, म्हणून दुसरीला एवढी किंमत आली. म्हणजे छोट्या गटातही पैसा येतो, फक्त दोन मोठी नावं एकाच वेळी एकाच गटात असावी लागतात. हे तुमच्या हातात नसतं. वरच्या गटात गेलात तर अशा नावांची शक्यता वाढते, एवढंच. आणि मानधनाचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. मॅनेजरचा वाटा एक तृतीयांशापर्यंत जातो, प्रशिक्षकाचा साधारण दहा टक्के, किताबाच्या लढतीत संघटनेची फी साधारण तीन टक्के. म्हणजे शंभरातले चोपन्न उरतात, तेही कर, सराव शिबिर आणि स्पारिंगच्या (सरावाच्या लढतींच्या) जोडीदारांचे पैसे द्यायच्या आधी.

आता चढण. इथे मॅनी पॅकिआओचं नाव सगळे घेतात, फ्लायवेटपासून 154 पौंडांपर्यंत आठ गटांत किताब म्हणून. मला त्याच्या कारकिर्दीतला 1999 चा सप्टेंबर जास्त बोलका वाटतो. 112 पौंडांचा डब्ल्यूबीसी किताब त्याच्याकडे होता, थायलंडमध्ये तो राखायचा होता आणि वजनच उतरेना. किताब काट्यावरच गेला, आणि रिंगमध्ये तिसऱ्या फेरीत मेडगोएन सिंगसुरातने त्याला पोटावरच्या ठोशाने खाली बसवलं. त्यानंतर तो थेट तीन गट वर, 122 पौंडांवर गेला. 2001 मध्ये जेमतेम दोन आठवड्यांच्या तयारीवर त्याने लेहलोहोनोलो लेद्वाबाला हरवलं. चढण त्याला लाभली हे खरं. पण ती त्याने निवडलेली नव्हती, काट्याने त्याला ढकललं होतं. असं ढकलले गेलेले बरेच जण पुन्हा वर येत नाहीत, आणि त्यांची नावं आपल्याला ठाऊक नसतात.

निवडून चढलेला म्हणजे जपानचा नाओया इनोऊए. 2014 च्या एप्रिलमध्ये, सहाव्याच व्यावसायिक लढतीत, तो 108 पौंडांचा विजेता झाला. त्या गटाएवढं वजन उतरवणं त्याला जड जात होतं. किताब एकदाच राखून त्याने दोन पायऱ्या ओलांडल्या आणि डिसेंबरमध्ये, 115 पौंडांवर, तोवर कधीच खाली न पडलेल्या ओमार नार्वाएसला दुसऱ्या फेरीत संपवलं. पुढे 118 वर चारही संघटनांचे किताब एकत्र केले (2022) आणि 122 वर पुन्हा तेच (2023). आता गंमत बघा. इनोऊए आणि लोपेस, दोघांची उंची साधारण 165 सेंटीमीटर. एक जन्मभर 105 च्या आसपास राहिला, दुसरा 122 वर राज्य करतो. म्हणजे उंचीची पट्टी धरून कुणी तुमचा गट सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. हाडांची जाडी, खांदे, मांड्या आणि ठोशात मूळचा असलेला जोर, हे बघायचं.

तरीही चढणीची किंमत इनोऊएलाही मोजावी लागली. कारकिर्दीत पहिल्यांदा तो खाली पडला तो 2024 मध्ये, लुइस नेरीसमोर, पहिल्याच फेरीत. दुसऱ्यांदा 2025 मध्ये रॅमोन कार्डेनासने पाडलं. दोन्ही लढती त्याने जिंकल्या, पण दोन्ही वेळा गट 122 चा होता. ठोसा बरोबर घेऊन जाता येतो, ठोसा सोसायची ताकद मात्र वर जाताना तोकडी पडत जाते.

सगळ्यात शिकण्यासारखा बॉक्सर मला निकाराग्वाचा रोमान 'चोकोलातितो' गोन्सालेस वाटतो. 105, 108, 112 आणि 2016 मध्ये 115, चार गटांत विजेता, तोपर्यंत एकही पराभव नाही. मग 2017 मध्ये श्रीसाकेत सोर रुंगविसाईने त्याला एकदा गुणांवर हरवलं आणि त्याच वर्षी दुसऱ्यांदा चौथ्या फेरीत आडवं केलं. गोन्सालेसची शैली अंगावर जाऊन, जवळून, सतत मारत राहण्याची. 105 वर ती चालते, कारण समोरच्याचा मारा सोसता येतो. 115 वर तेच अंतर महाग पडतं. अंतर राखून, पायांवर खेळणारा असता तर तीच चढण त्याला स्वस्त पडली असती. 2020 मध्ये गोन्सालेस पुन्हा 115 चा विजेता झाला, म्हणजे वाट बंद नव्हती. पण मधली तीन वर्षं गेली, आणि हलक्या गटात वेगावर जगणाऱ्याला तीन वर्षं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

हौशीतच थांबावं का? 48 किलोच्या पुरुषाला ते तितकंसं सोपं नाही. टोकियो ऑलिम्पिकपासून सगळ्यात हलका पुरुष गट 52 किलोचा झाला, पॅरिसमध्ये 51. त्यामुळे छोट्या अंगाच्या मुलापुढे व्यावसायिक मिनिममवेट हाच सरळ रस्ता उरतो. स्त्रियांसाठी पॅरिसमध्ये 50 किलोचा गट होता, तेव्हा त्यांचं गणित जरा निराळं.

वजन उतरवणं हा या निर्णयातला सगळ्यात धोक्याचा भाग. वजनमापन बहुतेक ठिकाणी लढतीच्या आदल्या दिवशी होतं, म्हणून अंगातलं पाणी काढून खालच्या गटात उतरायचं आणि रात्रभरात भरून काढायचं, हा सगळ्यांचा उद्योग. 90 किलोच्या माणसाने तीन किलो पाणी काढलं तर ते त्याच्या वजनाच्या सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, 50 किलोच्याने काढलं तर सहा टक्के. घाम तेवढाच, पण शरीराच्या मानाने घट जवळजवळ दुप्पट. सुकलेल्या शरीराला डोक्यावरचे ठोसे जास्त बाधतात, आणि एका रात्रीत ते पूर्ववत होत नाही. चार संघटनांपैकी आयबीएफच्या किताबाच्या लढतीत त्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेतात, गटाच्या मर्यादेपेक्षा 10 पौंडांहून जास्त चालत नाही. 105 च्या गटात ते 10 पौंडही फार झाले.

तिसरी वाटही आहे, जिचा विचार कमी लोक करतात, वर जाऊन परत खाली येण्याची. जेसी 'बॅम' रॉड्रिग्ज 2022 मध्ये खालच्या गटातल्या लढतीच्या तयारीत होता. 115 च्या रिकाम्या किताबासाठी लढणारा श्रीसाकेत ऐनवेळी आजारी पडला आणि जेमतेम आठवडाभराच्या मुदतीत त्याने कार्लोस क्वाद्रासला हरवून तो घेतला. किताब राखला, सोडला, आणि 2023 मध्ये 112 वर उतरून तिथलाही विजेता झाला. 2024 मध्ये पुन्हा 115 वर जाऊन हुआन फ्रान्सिस्को एस्त्रादाला सातव्या फेरीत बाद केलं. हे करायला बावीस-चोवीस वर्षांचं लवचिक शरीर लागतं. तिशीत हा खेळ करू नये, असं माझं मत.

तुमच्यासाठी माझा कौल असा. ठोशात जोर आहे, अंगावर येणाऱ्याला थोपवता येतं आणि शेवटचा किलो उतरवताना झोप उडते, तर पुढच्या दोन लढतींतच एक पायरी वर जा, पराभवाची वाट बघू नका. झोप उडत नसेल आणि तुमचा खेळ जवळून मारण्याचा असेल, तर आहात तिथेच चार-पाच वर्षं काढा, पैसा थोडा उशिरा आला तरी चालेल. दोन्हींतलं काहीच स्पष्ट नसेल तर वरच्या गटातला जोडीदार घेऊन सहा आठवडे स्पारिंग करा, दर वेळी निदान आठ फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्यांत तुम्ही कसे दिसता ते विसरा. सातव्या फेरीत दोरीला पाठ लागल्यावर तो तुम्हाला हलवतो की तुम्ही त्याला, एवढं प्रशिक्षकाला लिहून ठेवायला सांगा, आणि ती वही मॅनेजरपुढे ठेवा.