पॅटर्न कशाचा करायचा? सागवान, रेझिन, ॲल्युमिनियम आणि थर्माकोल

‘पॅटर्न’ हा शब्द मराठीत आता इतक्या ठिकाणी रुळला आहे की आधी विचारावं लागतं, कुठला? बारावीच्या निकालांचा लातूर पॅटर्न वेगळा, पेपरचा पॅटर्न वेगळा, ब्लाउजच्या कटिंगचा वेगळा, मोबाईलचं लॉक उघडायचा वेगळा. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मात्र पॅटर्न म्हणजे हातात धरायची वस्तू. तिच्याभोवती वाळू ठोकून घट्ट करायची आणि मग ती अलगद उचलायची. मागे जी पोकळी राहते तो साचा, आणि साच्यात धातू ओतून निघतं ते कास्टिंग. पॅटर्नलाच ‘साचा’ म्हणणारे पुष्कळ आहेत. फाउंड्रीशी बोलताना हा फरक पाळा, नाहीतर माप कशाचं सांगितलं यावरूनच पहिला घोळ होतो.

ज्याच्या हातात ड्रॉइंग आहे आणि ज्याला पॅटर्नमेकरनं “लाकडात करू की ॲल्युमिनियममध्ये?” असं विचारलं आहे, त्याच्यासाठी ही तुलना आहे. बहुतेक जण इथे फक्त दर विचारतात. दर महत्त्वाचाच आहे, पण तो तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की या पॅटर्नवर आयुष्यभरात किती साचे निघणार. दुसरा, वाळू कुठली आणि मोल्डिंग (वाळूचा साचा भरणं) हाताचं की मशिनचं. या दोन उत्तरांनंतर चारपैकी दोन पर्याय आपोआप गळतात.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक नग समोर धरू: ग्रे आयर्नचं बेअरिंग हाउसिंग, तळ 300 मिमी लांब, वजन 22 किलो, मधलं भोक कोअरनं, म्हणजे साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यानं, पडणारं.

सागवान, देवदार, प्लाय

पाच-पंचवीस नग हवे असतील, डिझाइन अजून बदलणार असेल आणि मोल्डिंग हाताचं असेल, तर लाकूड घ्या. मोल्डिंगच्या कामात बदल सोपे असणं ही फार मोठी सोय आहे. बॉसची (नगावरच्या गोल उंचवट्याची) उंची 4 मिमीनं वाढवायची असेल तर मिस्त्री एक चकती चिकटवतो, पॉलिश मारतो, आणि दुपारी पॅटर्न परत मोल्डिंगला जातो. ॲल्युमिनियममध्ये याच बदलाला वेल्डिंग आणि पुन्हा मशिनिंग लागतं.

लाकडाचा शत्रू ओलावा. सागवान रेषांच्या दिशेला जवळजवळ हलत नाही, पण आडवं हलतं. 200 मिमी रुंद फळीतला ओलावा 3 टक्क्यांनी वाढला तर ती साधारण 1 मिमी फुगू शकते. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, पाणी असतंच, त्यात कोल्हापूरचा पावसाळा. म्हणून जाणता पॅटर्नमेकर रुंद भाग एका अखंड फळीचा करत नाही. तो पातळ फळ्या एकमेकींवर रेषा उलटसुलट ठेवून चिकटवतो, म्हणजे एकीचं ओढणं दुसरी रोखते. पॅटर्न ताब्यात घेताना आडवा छेद दिसतो तिथे बोट फिरवून थर मोजा. अखंड फळी दिसली तर तळ वाकणार हे धरून चाला. चपडा पॉलिशचे किंवा चांगल्या पेंटचे 3 हात हवेत, आणि ते कोअर प्रिंटवर (साच्यात कोअर टेकायची जागा करणारा पॅटर्नचा पुढे आलेला भाग) आणि खालच्या बाजूलाही हवेत. खालची बाजू कोरी सोडणं ही नेहमीची चूक आहे. एकाच बाजूनं पाणी पिणारी फळी वाटीसारखी वळते.

आयुष्य सांगायचं तर नीट वापरलेला सागवानी पॅटर्न दीड-दोनशे साच्यांपर्यंत माप धरतो. मऊ लाकूड त्याच्या बरंच आधी कडा सोडतं. झीज आधी कोअर प्रिंटवर दिसते, आणि तिथली झीज सगळ्यात महाग पडते. 1 लिटर आकारमानाचा वाळूचा कोअर साधारण 1.6 किलोचा असतो, पण तो जितकं लोखंड बाजूला सारतो त्याचं वजन 7 किलो. म्हणजे ओततानाच्या क्षणी कोअरवर वरच्या दिशेनं 5 किलोहून जास्त जोर येतो. प्रिंट झिजून लहान झालं की साच्यातल्या त्या जागेत कोअर मावत नाही म्हणून मोल्डर तो घासतो, मग कोअर सैल बसतो, तरंगतो, आणि हाउसिंगची वरची भिंत पातळ निघते. दोष कास्टिंगला दिला जातो, कारण मात्र लाकडाच्या 2 मिमी झिजेत असतं.

रेझिन

रेझिन म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी, आणि कोटेशन घेताना कुठली ते विचाराच. एक इपॉक्सी, जो मास्टरवरून (मूळ नमुन्यावरून) ओतून किंवा काच-कापडाचे थर देऊन करतात. दुसरा पॉलियुरेथेनचा तयार बोर्ड, जो सीएनसीवर कापतात. दोघांनाही पाण्याची भीती नाही, त्यामुळे पावसाळ्यात माप हलत नाही.

साच्याच्या एकाच पेटीत 4 किंवा 6 सारखे नग बसवायचे असतील तर इपॉक्सीचं मोल कळतं. एक मास्टर नीट करायचा आणि त्यावरून हुबेहूब प्रती काढायच्या. इपॉक्सी घट्ट होताना आकसणं अगदी किरकोळ असतं, म्हणून मास्टरला दुहेरी श्रिंकेज (आकसण्यापोटी वाढवून दिलेलं माप) द्यावं लागत नाही. (ॲल्युमिनियमच्या वेळी हे द्यावं लागतं, त्याचा हिशोब पुढे आहे.) मध्यम उत्पादनाला, म्हणजे काहीशे ते दोन-तीन हजार साच्यांना, हा पर्याय आम्हाला सगळ्यात समतोल वाटतो, आणि लहान कारखान्यांत त्याचा विचार हवा तितका होत नाही.

बिघडतं कुठे? हार्डनर अंदाजानं टाकण्यात. जास्त हार्डनर टाकला की लवकर घट्ट होईल हा गैरसमज आहे. प्रमाण चुकलं की पृष्ठभाग मऊ राहतो आणि वाळू त्याला धरते. पुरवठादारानं दिलेलं प्रमाण वजनकाट्यावरच मोजायचं. दुसरी चूक म्हणजे जाड भाग एका दमात ओतणं. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः तापतो. जाडी जास्त असेल तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि तडा जातो किंवा आकार ओढला जातो. थरा-थरानं ओतायचं. तिसरी गोष्ट कडांची. रेझिनच्या बारीक, उभ्या कडा ठोक्यानं उडतात. तशा कडा असतील तर तेवढ्याच जागी धातूचा तुकडा बसवून घ्या.

ॲल्युमिनियम

मशिन मोल्डिंग आणि मॅच प्लेट (जिच्या दोन बाजूंना पॅटर्नचे दोन अर्धे बसवतात ती पाटी) आली की ॲल्युमिनियमला पर्याय कमी उरतात. उच्च दाबाच्या लाइनवर लाकूड दबतं आणि साच्यागणिक माप बदलतं. ॲल्युमिनियम हजारो साचे माप धरून ठेवतं, आणि पृष्ठभाग गुळगुळीत असल्यानं उतारही कमी चालतो. लाकडाला 1 ते 3 अंशांचा टेपर द्यावा लागतो, धातूला अर्धा ते दीड अंश पुरतो. 50 मिमी खोल भिंतीवर 2 अंश म्हणजे तळापासून टोकापर्यंत 1.75 मिमी, आणि 1 अंश म्हणजे 0.87 मिमी. आपल्या हाउसिंगच्या चारही भिंतींवर ते वाचलेलं लोखंड दर नगाला मोजलं जातं.

पैशाचा हिशोब असा मांडावा. समजा लाकडी पॅटर्न 12,000 रुपयांचा आहे आणि 150 साच्यांनंतर तो मोठ्या दुरुस्तीला किंवा मोडीत जातो, तर साच्यामागे 80 रुपये. ॲल्युमिनियमचा 45,000 रुपयांचा धरला तर 562 साच्यांवर दोघं बरोबरीत येतात. त्याच्या पुढचा प्रत्येक नग ॲल्युमिनियमवर स्वस्त. तुमचे आकडे वेगळे असतील, भागाकार हाच. फक्त ‘वर्षाला किती’ असं न विचारता ‘हे मॉडेल बंद होईपर्यंत किती’ असं विचारा. वर्षाला 200 नग पाच वर्षं लागणार असतील तर उत्तर 1,000 आहे.

ॲल्युमिनियमची एक खास अडचण उन्हाळ्यात नाही तर थंडीच्या सकाळी दिसते. परत फिरून आलेली वाळू गरम आणि ओली असते, प्लेट थंड असते. वाफ प्लेटवर जमते, वाळू चिकटते आणि साच्याचे कोपरे उचलताना तुटतात. मोल्डर अशा वेळी पार्टिंग पावडर (वाळू सुटावी म्हणून मारायची भुकटी) वाढवतो, त्यानं फिनिश जातं. प्लेट कोमट करणं आणि वाळू थंड होऊ देणं हाच उपाय. याशिवाय, ॲल्युमिनियम मऊ आहे. पॅटर्न सैल करायला लोखंडी सळईनं ठोकू देऊ नका, त्यासाठी प्लेटवर वेगळी जागा किंवा व्हायब्रेटर ठेवा.

शेल मोल्डिंग (तापलेल्या पॅटर्नवर रेझिन लावलेल्या वाळूचं कवच घट्ट करणं) किंवा शेल कोअर असेल तर मात्र चारही पर्याय विसरा. तिथे पॅटर्न आणि कोअर बॉक्स (कोअर घडवायची पेटी) 200 अंश सेल्सिअसच्या बऱ्याच वर तापवतात. लाकूड आणि रेझिन जळतील, ॲल्युमिनियम त्या तापमानाला नरम पडून वाकतं. तिथे कास्ट आयर्नच.

थर्माकोल

बाकी तिघे साच्यातून काढायचे असतात, हा आतच राहतो. धातू ओतला की थर्माकोल जळून वायू होतो आणि त्याची जागा लोखंड घेतं. हॅरल्ड श्रोयर यांना अमेरिकेत या पद्धतीचं पेटंट 1958 साली मिळालं. आज मोटार उद्योगाच्या मोठ्या प्रेस डाय आणि मशिनचे बेड असे एकेकटे, अवजड नग असेच ओतले जातात. टेपर नको, पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेघ) नको, पुष्कळदा कोअरही नको, कारण पोकळीत वाळूच भरते. आपलं 22 किलोचं हाउसिंग 20 किलो प्रति घनमीटर घनतेच्या थर्माकोलमध्ये फक्त 60 ग्रॅम भरेल.

एका पॅटर्नला एकच कास्टिंग, ही त्याची मर्यादा. चुकलं तर पॅटर्न पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एक-दोन मोठे नग असतील तरच याचा विचार करा. जोडताना सॉल्व्हंट असलेला गोंद वापरला तर थर्माकोल विरघळतो. योग्य गोंदही जाड लावला तर तिथे काजळी साचते आणि लोखंडावर सुरकुतीसारखी रेघ राहते. वरचा रिफ्रॅक्टरी वॉश (उष्णता सोसणारा लेप) पूर्ण सुकलेला हवा. बाहेरून कोरडा आणि आतून ओला वॉश म्हणजे ब्लो होल (कास्टिंगमध्ये वायूनं पडलेलं भोक). ओतताना धार तुटता कामा नये. थर्माकोल जळून गेला आणि धातू पोचला नाही, तर त्या क्षणात वाळू ढासळते. धूर बराच होतो, बंद शेडमध्ये हे काम करू नये.

थ्रीडी प्रिंटबद्दल थोडक्यात: एखाद-दुसऱ्या ट्रायलला ठीक. थरांच्या रेषा वाळू ओढतात, त्यामुळे पुट्टी आणि घासकाम टळत नाही. पीएलए साधारण 60 अंशांना मऊ पडतो, म्हणून गरम वाळूपासून दूर ठेवा.

श्रिंकेज ठरल्याशिवाय करवत लावू देऊ नका

मटेरियल कुठलंही निवडा, धातू आधी पक्का करा. थंड होताना ग्रे आयर्न मीटरला साधारण 10 मिमी आकसतं, ॲल्युमिनियम 13, पितळ-गनमेटल 15 च्या आसपास, स्टील 20. आपल्या 300 मिमीच्या तळासाठी पॅटर्न 303 मिमीचा. तोच पॅटर्न कुणी सहा महिन्यांनी स्टीलसाठी पाठवला तर तळ 297 मिमीचा निघेल. एसजी आयर्नमध्ये (गोळीदार ग्राफाइटचं बीड) ग्राफाइट तयार होताना धातू थोडा फुगतो, त्यामुळे आकसणं कमी होतं आणि ते साचा किती कडक आहे यावरही ठरतं. तिथे आकडा ओतणाऱ्या फाउंड्रीकडूनच घ्या.

ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतून करणार असाल तर त्याच्या लाकडी मास्टरला दोन्ही आकसणी द्यावी लागतात, आधी लोखंडाची आणि मग ॲल्युमिनियमची. 300 चे 303, आणि 303 चे 306.9 मिमी. ही दुसरी पायरी विसरलेला मास्टर दिसायला निर्दोष असतो. घोळ कळतो तो थेट हाउसिंग मशिन शॉपला पोचल्यावर, भोकांचे सेंटर 1.3 टक्क्यांनी आत आलेले दिसतात तेव्हा. ठोकळ्यातून सीएनसीवर कापलेल्या ॲल्युमिनियमला हा प्रश्न येत नाही, कारण तिथे मास्टरच नसतो. शंका असेल तर ओतीव ऐवजी तो घ्या.

मशिनिंगला 3 मिमी सोडतात, पण साच्यात वर राहणाऱ्या पृष्ठभागाला 4 ते 5 द्या, कचरा आणि वायू तिकडे चढतात. रंगांचे संकेत दुकानागणिक बदलतात, म्हणून कुठला रंग मशिनिंगचा आणि कुठला कोअर प्रिंटचा हे पॅटर्नवरच लिहून घ्या. सोबत धातू, श्रिंकेज, ड्रॉइंग नंबर, सुट्या तुकड्यांची आणि कोअर बॉक्सची संख्या. फाउंड्रीत पॅटर्न पाठवताना चलनावर हीच यादी हवी. सुटा तुकडा हरवल्याचं भांडण नेहमी चलनावर ‘1 पॅटर्न’ एवढंच लिहिल्यानं होतं.

वजनाचा अंदाज पॅटर्नवरूनच येतो. भरीव सागवानी पॅटर्नचं वजन गुणिले 11 म्हणजे लोखंडी कास्टिंग, ॲल्युमिनियमचा असेल तर गुणिले 2.7. कोअरच्या पोकळीइतकं लोखंड वजा करा. फाउंड्रीचा किलोचा दर ठरवायच्या आधी हे करून ठेवा.

पहिला नग आला की लॉट सुरू करायला सांगू नका. तो सरफेस प्लेटवर मार्किंग करा, दोन्ही पेट्यांची जोड सरकली आहे का पाहा (डॉवेल पिन सैल असेल तर ती इथेच दिसते), एक नग मधून कापा आणि बोअरच्या वरची आणि खालची भिंत व्हर्नियरनं मोजा. हातानं मोल्डिंग असेल तर पॅटर्न हलवून सैल करताना साचा अर्धा-एक मिमी मोठा होतो, तेवढा फरक धरा. त्याहून जास्त फरक असेल तर दुरुस्ती त्याच आठवड्यात करून घ्या, पॅटर्न फाउंड्रीच्या रॅकवर चढायच्या आधी.