८५० रुपयांचा मॉडेल सेट आणि तांब्याचे चार हात

प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका दुकानातून रेणूंचा मॉडेल सेट घेतला. धातूचे गोळे आहेत का विचारलं, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "मुलगा बारावीला ना? कार्बन पुरेल." अहो, पीएचडी माझीच चालू आहे! शेवटी माळ्यावरून धूळ खात पडलेला डबा निघाला.

माझं काम तांब्याच्या कॉम्प्लेक्सवर, म्हणजे मधे तांब्याचा अणू आणि त्याला धरून बसलेले रेणू, ज्यांना लिगँड म्हणतात. नेहमीचा रुथेनियम धातू महाग, म्हणून प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकांत तांबं वापरायची धडपड. तांब्याभोवती दोन फेनॅन्थ्रोलिन (प्रत्येकी दोन नायट्रोजननी तांब्याला धरणारे चपटे लिगँड) साधारण काटकोनात बसतात. प्रकाश शोषला की हा सांगाडा चपटा व्हायला बघतो आणि मिळालेली ऊर्जा झटकन वाया जाते. नायट्रोजनच्या शेजारी, २ आणि ९ या जागांवर मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लावले की ते आडवे येतात. सीएसएमटीला खिडकी मिळाली म्हणून गाडीतच जोडायला घेतलं. पिरगळायला गेलं की पांढरे हायड्रोजन समोरच्या लिगँडला टेकतात, पुढे हलतच नाही! गाईडनी फळ्यावर दोनदा समजावलेलं ठाणं यायच्या आत बोटांना कळलं. शेजारच्या मावशी विचारत होत्या, कितीला घेतलं?

तक्रार एकच. गोळ्याची भोकं १०९.५ अंशांवर, खऱ्या रेणूत एका लिगँडचे दोन नायट्रोजन तांब्याशी सुमारे ८२ अंशांचा कोन करतात. काड्या वाकवाव्या लागतात, दुसऱ्याच दिवशी दोन तुटल्या. बदलून मागितल्या, तर "प्लास्टिकची गॅरंटी नसते." आता तिथे सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब कापून लावलीय. हवी तेवढी वाकते.