लांबून लाईन बंद-चालू करणारा स्विच: गावातल्या उपकरणांसाठी कोणता घ्यावा?

‘भाऊ, नेट नाही चालून राह्यलं’ असा फोन आला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: एकदा बंद करून परत चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतंही. पण बंद-चालू करायला तिथं माणूस लागतो. ग्रामपंचायतीच्या खोलीला कुलूप असतं, अभ्यासिकेची किल्ली ज्याच्याकडे आहे तो कापूस वेचायला शेतात गेलेला असतो, शाळेला उन्हाळ्याची सुटी लागलेली असते. राऊटरचा एक खटका दाबण्यासाठी अमरावतीहून मेळघाटचा घाट चढून धारणी गाठायची म्हणजे सगळा दिवस त्यातच जातो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तेव्हा तर जायचा प्रश्नच उरत नाही.

नेटवरून किंवा मोबाईलवरून हुकूम घेणारा पॉवर स्विच यासाठीच असतो. बाजारात त्याच्या चार जाती मिळतात: वायफायचा स्मार्ट प्लग, नेटवर स्वतः लक्ष ठेवून गरज पडली की लाईन तोडणारा स्विच, रॅकमध्ये (यंत्रं बसवायच्या लोखंडी कपाटात) बसणारी नेटवर्क पीडीयू, म्हणजे नेटवरून चालणारी प्लगांची पट्टी, आणि सिमकार्डावर चालणारा जीएसएम स्विच. बहुतेक जण किमतीवरून निवड करतात. माझ्या मते आधी एकच गोष्ट विचारावी: जे उपकरण अडकणार आहे ते अडकलेलं असताना माझा हुकूम स्विचपर्यंत कोणत्या वाटेनं पोचणार? याचं उत्तर मिळालं की चारपैकी दोन पर्याय आपोआप गळतात.

वायफायचा स्मार्ट प्लग

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपा. साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो, बोर्डात खोचायचा, मोबाईलवर अ‍ॅप घ्यायचं, झालं. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, अभ्यासिकेतला प्रिंटर, पाण्याच्या टाकीवरचा सेन्सर असं राऊटर सोडून दुसरं काही बंद-चालू करायचं असेल तर हा पुरेसा आहे. घेताना तो 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो हे लक्षात ठेवा. राऊटरवर फक्त 5 गिगाहर्ट्झ चालू ठेवलं असेल तर त्याला नेटवर्क दिसणारच नाही.

खुद्द राऊटरसाठी मात्र हा प्लग नुसता लावू नका. राऊटर पूर्ण अडकला तर बंदचा हुकूम प्लगपर्यंत पोचत नाही. अर्धवट चालू असताना पोचला, तर प्लग राऊटर बंद करतो आणि त्याच क्षणी प्लगचं स्वतःचं नेट जातं. आता ‘चालू’ हा हुकूम त्याला कोण देणार? थोड्या वेळात येणारं नेट आपणच बंद करून बसतो आणि शेवटी गाडी काढावीच लागते.

यावर इलाज आहे. ईएसपी या वायफायच्या चिपवर चालणाऱ्या, सोनऑफ कंपनीच्या स्विचांसारख्या अनेक स्विचांवर टास्मोटा हे मुक्त सॉफ्टवेअर चढवता येतं. त्यात ‘पॉवरऑनस्टेट 5’ अशी सेटिंग आहे. तिच्यासोबत ‘पल्सटाईम 130’ दिलं की बंद झालेला स्विच 30 सेकंदांनी स्वतःच चालू होतो, कारण 111 च्या वरच्या आकड्यांतून 100 वजा करून उरतात तेवढे सेकंद तो मोजतो. म्हणजे तुमच्याकडून फक्त ‘बंद’ पोचलं तरी भागतं. पण सॉफ्टवेअर चढवायला थोडी सवय हवी. आणि ते चढवताना स्विच 230 व्होल्टच्या लाईनीला जोडलेला अजिबात नसावा, कारण या स्विचांच्या आतल्या पाटीवर लाईनचा करंट खेळतो.

स्वतः लक्ष ठेवणारा स्विच

राऊटर किंवा फायबरचा ओएनयू डबा हेच मुख्य दुखणं असेल तर माझी शिफारस सरळ याची आहे. हा स्विच तुमच्या हुकमाची वाट पाहत नाही. ठरावीक वेळानं तो नेटवरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारतो, उत्तर आलं नाही की लाईन तोडतो आणि थोड्या वेळानं जोडतो. तुम्ही झोपेत असाल, मोबाईलला रेंज नसेल, तरी काम होतं. तयार मिळतो, आणि ईएसपी32 बोर्ड व एक रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर लाईन जोडणारा-तोडणारा खटका) घेऊन जाणकार मुलं घरीही करतात.

याचं खरं काम सेटिंगमध्ये आहे, आणि तिथं घाई केली तर राऊटरचं आयुष्य कमी होतं. समजा, रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली. आता बाहेरचा पत्ता दोन दिवस उत्तर देणार नाही. स्विच दर पाच मिनिटांनी राऊटर बंद-चालू करत बसेल आणि त्यात काहीच साधणार नाही. म्हणून दोन पत्ते तपासावेत. एक राऊटरचा स्वतःचा, बहुधा 192.168.1.1, आणि दुसरा बाहेरचा, गूगलचा 8.8.8.8 किंवा क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1. राऊटरच उत्तर देत नसेल तर तो अडकलाय, लाईन तोडा. राऊटर बोलतोय पण बाहेरचं कुणी बोलत नाही, अशा वेळी एकदा-दोनदा प्रयत्न करून पुढे तासातासाची सुटी द्यावी. एखादा पिंग चुकला म्हणून लगेच लाईन तोडू नये, लागोपाठ पाच-सहा चुकले तरच तोडावी. लाईन किमान 15 ते 30 सेकंद बंद राहू द्या, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज रिकामी होते. चालू झाल्यावर पाच मिनिटं स्विचनं काही तपासू नये, कारण ओएनयूला सिग्नल धरायला आणि राऊटरला उभं राहायला वेळ लागतो.

रिले कसा जोडता तेही पाहा. रिलेला तीन टोकं असतात: सामाईक, नेहमी उघडं आणि नेहमी जोडलेलं. राऊटरची लाईन नेहमी जोडलेल्या टोकावरून घ्या. तसं केलं तर स्विचचा बोर्ड उद्या जळाला तरी राऊटर चालू राहतो, फक्त लांबून बंद करायची सोय जाते. उलट जोडलं तर पन्नास किलोमीटरवर बसवलेला तीनशे रुपयांचा बोर्ड मेला की गावाचं नेट गेलं. लावणाऱ्याला हे मुद्दाम सांगा, कारण सरावानं हात ‘नेहमी उघडं’ या टोकाकडेच जातो.

टॉवरवर किंवा घराच्या छपरावर वायरलेस रेडिओ असेल तर आधी त्याच्याच सेटिंगमध्ये शोधा. युबिक्विटी कंपनीच्या रेडिओंच्या एअरओएस या सॉफ्टवेअरमध्ये पिंग वॉचडॉग (पिंग चुकला की रेडिओ परत चालू करणारी सोय) आधीपासून असतो, आणि मायक्रोटिकच्या काही राऊटरांत पीओई पोर्टवरच (नेटच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या पोर्टवर) पिंग पाहून रेडिओची लाईन तोडायची सोय असते. तिथं वेगळा स्विच घेण्यात पैसे घालू नका.

नेटवर्क पीडीयू

तालुक्याच्या गावी छोटी रॅक असेल, तिच्यात स्विच, सर्व्हर, रेकॉर्डर, दोन-तीन राऊटर असतील, तर ही घ्यावी. हिच्या प्रत्येक आउटलेटला वेगळा हुकूम देता येतो, ब्राउझरमधून किंवा एसएनएमपीवरून (नेटवर्कची यंत्रं लांबून सांभाळायच्या पद्धतीनं). लाईन आल्यावर सगळं एकदम चालू न करता आधी राऊटर, मग स्विच, मग सर्व्हर असा क्रम लावता येतो. किती करंट ओढला जातोय तेही चांगल्या मॉडेलमध्ये दिसतं. वायफायवर नाही, केबलवर चालते, हा मोठा फायदा.

पण किंमत पाच आकड्यांत जाते आणि आउटलेट बहुधा सी13 जातीचे, संगणकाच्या पॉवर केबलला बसणारे असतात. आपले तीन पिनांचे प्लग त्यात बसत नाहीत, अ‍ॅडॅप्टरच्या माळा लावाव्या लागतात. एका राऊटरसाठी हिचा विचारही करू नये. शिवाय बाहेरच्या नेटचा राऊटर अडकला की ही पीडीयूही लांबून गाठता येत नाही. तिच्यात पिंगवर लक्ष ठेवायची सोय आहे का, ते विचारूनच पैसे द्या.

सिमकार्डावरचा स्विच

शेतातल्या मोटरीमुळे हा विदर्भात सगळ्यांच्या ओळखीचा आहे: मोबाईल स्टार्टर. कृषी फीडरवर थ्री फेज बऱ्याचदा रात्री येते, आणि रानडुकरांच्या वाटेवरून अंधारात विहिरीवर जाण्यापेक्षा घरून एक मिसकॉल देणं केव्हाही बरं. याची वाट गावाच्या नेटवरून जातच नाही. त्यामुळे ज्या शेतात, बंधाऱ्यावर किंवा हवामान केंद्रावर दुसरं नेटच नाही, तिथं याला पर्याय नाही.

घेताना एक गोष्ट आधी विचारा: आत 2जी मोडेम आहे की 4जी? जिओचं जाळं पहिल्यापासून फक्त 4जी आणि पुढचं आहे. 2जीच्या यंत्रात जिओचं सिम घातलं तर ते कधीच रेंज पकडणार नाही. तुमच्या शेतात फक्त जिओचीच रेंज येत असेल तर 4जी व्होल्टीचं, म्हणजे 4जीवरूनच कॉल घेणारं यंत्रच घ्यावं लागेल. दुसरं, सिमचा रिचार्ज. बारा महिने कुणी फोन केला नाही तरी रिचार्ज संपला की यंत्र मुकं होतं. तारीख कुणीतरी लिहून ठेवायला हवी.

मोटरीसाठी साधा रिले किंवा स्मार्ट प्लग वापरू नका. 5 एचपीची थ्री फेज मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. 10 अँपिअरच्या रिलेचे टोक तिथंच चिकटून बसतात, आणि मग ‘बंद’ म्हटलं तरी मोटर बंद होत नाही. मोबाईल स्टार्टर कॉन्टॅक्टरमार्फत, म्हणजे जास्त करंट झेपणाऱ्या मोठ्या रिलेमार्फत काम करतो. फेज गेला किंवा विहिरीचं पाणी उतरलं तर मोटर थांबवायची सोय त्यात असावी. ती नसलेला घेऊ नये.

कोणताही घेतला तरी

राऊटर मिनी यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर असेल तर स्विच बॅटरीच्या पुढे, राऊटरच्या बाजूला हवा. भिंतीच्या बोर्डात स्विच लावून पुढे मिनी यूपीएस जोडला तर तुम्ही लाईन तोडता, बॅटरी राऊटरला चालू ठेवते, आणि अडकलेला राऊटर अडकलेलाच राहतो. भारनियमनामुळे आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक राऊटरला बॅटरी असते, म्हणून ही अडचण आपल्याकडे फार येते. मिनी यूपीएस असेल तर त्याच्या 12 व्होल्टच्या बाजूनं रिले घाला. तसं केल्यानं 230 व्होल्टचा धोकाही टळतो. फक्त स्विचच्या बोर्डाला स्वतःची लाईन रिलेच्या अलीकडून मिळाली पाहिजे. नाहीतर तो राऊटरसोबत स्वतःलाही बंद करतो.

लाईन गेल्यावर आणि आल्यावर स्विच कोणत्या अवस्थेत राहतो, ते दुकानातच विचारा. काही प्लग ‘लाईन आल्यावर बंद’ याच सेटिंगवर येतात. दिवसातून चार वेळा लाईन जाणाऱ्या गावात असा प्लग पहिल्याच दिवशी नेट बंद पाडेल. राऊटरसाठी ‘चालू’ ठेवा, मोटरीसाठी ‘बंद’. संगणक असेल तर त्याच्या बायोसमध्येही (चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईन आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग करावी लागते, नुसती लाईन देऊन तो उठत नाही. आणि हार्ड डिस्क असलेल्या यंत्राची लाईन तोडण्याआधी ते नीट शटडाऊन करता येतंय का ते पाहावं.

टेस्टर लावून बोर्ड तपासा. जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असतात. एकाच तारेचा स्विच मग न्यूट्रल तोडतो आणि बंद दिसणाऱ्या यंत्रात फेज तसाच राहतो. अर्थिंग नसेल तर आधी ती करून घ्या, मगच विजेच्या कडकडाटात वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर काही कामाचा. उन्हाळ्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला 45 अंशांच्या वर जातात आणि बहुतेक स्वस्त स्विच 40 अंशांपर्यंतच चालण्यासाठी केलेले असतात. टिनाखाली, बंद पेटीत ते ठेवू नयेत. सावलीची भिंत, हवा खेळती, पेटीला खालून-वरून छिद्रं.

मोबाईल डेटावर आणि गावातल्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून थेट स्विचचं पान उघडत नाही. कंपनीचं अ‍ॅप किंवा टेलस्केलसारखं खासगी जाळं हाच मार्ग. सार्वजनिक पत्ता मिळाला तरी स्विच नेटवर उघडा टाकू नका आणि आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं अशाच न बदललेल्या पासवर्डांमधून जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते.

माझी निवड

अभ्यासिका, शाळा, सेवा केंद्र यांच्या एका राऊटरसाठी: 12 व्होल्टच्या बाजूला लावलेला, पिंग पाहणारा स्विच. त्याच खोलीतल्या कॅमेऱ्यांसाठी एक स्मार्ट प्लग. तालुक्याच्या रॅकसाठी पीडीयू, पण राऊटरवर वेगळा पिंग स्विच ठेवूनच. शेतासाठी 4जीचा मोबाईल स्टार्टर.

गाव सोडायच्या आधी तीन गोष्टी करून पाहा. मेन बंद करून परत चालू करा आणि सगळं आपोआप उभं राहतंय का बघा. फायबरची तार काढून तासभर थांबा आणि स्विच किती वेळा लाईन तोडतो ते मोजा. मग स्वतःच्या मोबाईलच्या डेटावरून, गावाच्या वायफायवर नसताना, एकदा बंदचा हुकूम द्या. शेवटी पेटीवर मराठीत एक चिठ्ठी डकवा: हा स्विच बिघडला तर राऊटरची पिन काढून कोणत्या सॉकेटमध्ये थेट लावायची, आणि फोन कुणाला करायचा.