आठ वाटेकरी, एक विमान : वाटा घेण्यापूर्वी वाचलेली आणि नंतर अनुभवलेली नियमावली

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील एका गवती धावपट्टीवर उभ्या असणाऱ्या दोन आसनी युरोस्टार विमानात तीन वर्षांपासून माझा एक अष्टमांश वाटा आहे. विमान चेक प्रजासत्ताकातील एव्हेक्टर कंपनीचे, धातूचे, खालच्या पंखांचे आणि ८० अश्वशक्तीच्या रोटॅक्स इंजिनाचे आहे. त्याच्याबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते विमान कोणालाही कुठूनही विकत घेता येते. वाटा घेणारा मनुष्य प्रत्यक्षात सात अनोळखी माणसे आणि त्यांना बांधून ठेवणारी अकरा पानांची नियमावली विकत घेत असतो, म्हणून हे परीक्षण त्या अकरा पानांचे आहे. गटाचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

आमच्या तासगावकडच्या मळ्यात चौघा भावांची सामायिक विहीर होती. सातबाऱ्यावर इतर हक्कांत प्रत्येकाच्या हिश्श्याची नोंद होती आणि पाण्याची पाळी वार लावून ठरलेली होती. मोटर जळाली तर पैसे कोणी भरायचे, हे मात्र कुठल्याही कागदावर नव्हते, आणि माझ्या लहानपणीची बहुतेक भांडणे याच एका प्रश्नावरून झाली. ‘बारभाई शेती, काय लागेल हाती’ ही म्हण ज्याने घरात अनुभवली आहे त्याने विमानाच्या गटाची नियमावली वाचताना पाळीचे पान शेवटी वाचावे आणि जळालेल्या मोटरचे पान आधी शोधावे. मी तसेच केले. ते पान बरेचसे सापडले, पूर्ण नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी आहे. ब्रिटनमध्ये सामायिक मालकीच्या विमानाचे उड्डाण खासगी समजले जावे, यासाठी प्रत्येक मालकाचा वाटा किमान ५ टक्के असावा लागतो, म्हणजे एका विमानाला २० पेक्षा अधिक वाटेकरी होऊ शकत नाहीत. आमचे विमान हौशी मंडळींनी किटपासून जोडलेले असल्यामुळे त्याला ‘परमिट टू फ्लाय’ हा उड्डाणाचा परवाना मिळतो आणि दरवर्षी लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनच्या निरीक्षकाकडून त्याची तपासणी होते. ही संस्था १९४६ पासून अशा हलक्या विमानांचे काम पाहते आहे. याखेरीज बाकी सर्व गटाने गटापुरते ठरवायचे असते, आणि गट टिकणे किंवा मोडणे त्या बाकीवर अवलंबून असते. वीस जणांचे गट मी पाहिले आहेत. तिथे खर्च नगण्य होतो, पण रविवारी ऊन पडले की विमान मिळत नाही. आठ हा आकडा मला योग्य वाटतो.

पैशाची रचना तीन थरांची आहे : वाट्याची किंमत, दरमहा वर्गणी आणि उड्डाणाच्या तासाचा दर. वर्गणीतून हँगरचे, म्हणजे विमान ठेवण्याच्या शेडचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी भागते. तासाच्या दरातून पेट्रोल, तेल आणि इंजिन निधी. मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थेत ज्याला आपण सिंकिंग फंड म्हणतो, तोच हा निधी आहे. रोटॅक्सच्या या इंजिनाला २००० तासांनी मोठी दुरुस्ती किंवा बदली लागते. गटाने त्यासाठी २०,००० पौंड गृहीत धरले आहेत, म्हणून प्रत्येक तासामागे १० पौंड वेगळ्या खात्यात जातात आणि त्या खात्यातून पैसे काढायला खजिनदारासह दोघांच्या सह्या लागतात. रबरी नळ्या मात्र इंजिन कितीही कमी चालले तरी दर पाच वर्षांनी बदलाव्या लागतात. तो खर्च तासांवर न टाकता वर्गणीतून करावा, हे नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. जो खर्च काळाने होतो तो काळावर आणि जो वापराने होतो तो वापरावर, एवढा साधा विवेक अनेक गटांच्या कागदात दिसत नाही. मी वाटा घेण्यापूर्वी आणखी दोन गट पाहिले होते. त्यांपैकी एकात तासाचा दर मोहक वाटावा इतका कमी होता, आणि चौकशी केल्यावर कळले की तिथे इंजिन निधीच नव्हता. वेळ येईल तेव्हा सर्वांनी मिळून पाहू, असे उत्तर मिळाले. वेळ येते तेव्हा निम्मे लोक वाटा विकून गेलेले असतात.

तास म्हणजे नेमके काय, हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण या नियमावलीतील सर्वांत चांगले कलम त्यावरच आहे. काही गट इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतचा वेळ मोजतात. आमच्याकडे चाके जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकतात तिथपर्यंतचाच वेळ मोजला जातो आणि दर त्या हिशेबाने किंचित चढा ठेवलेला आहे. कारण असे, की या इंजिनाचे तेल किमान ५० अंश सेल्सिअस होईपर्यंत उड्डाणाची पूर्ण शक्ती द्यायची नसते, आणि जानेवारीच्या सकाळी त्या काट्याला ५० वर यायला दहा-बारा मिनिटे सहज लागतात. जमिनीवरच्या प्रत्येक मिनिटाचे पैसे पडत असतील, तर माणूस काटा ४५ वर असतानाच मनाची समजूत घालतो. आमच्या गटात ती बारा मिनिटे फुकट आहेत, म्हणून धावपट्टीच्या टोकाशी विमान शांतपणे घरघरत उभे असते आणि आतला वैमानिक काट्याकडे बघत बसलेला असतो. मोजण्याची पद्धत बदलून वागणूक बदलणारे हे कलम ज्याने लिहिले, त्याला माणसांची जाण होती.

याच जातीचे दुसरे कलम पेट्रोलचे आहे. आमच्या विमानाचे कमाल वजन ४५० किलो आहे आणि रिकामे वजन २६८ किलो. टाकी ६५ लिटरची. ती काठोकाठ भरली तर सुमारे ४७ किलो पेट्रोल होते आणि दोन माणसांसाठी १३५ किलो उरतात, म्हणजे दोन धडधाकट पुरुष बसू शकत नाहीत. म्हणून उड्डाण संपल्यावर टाकीत ३० लिटरच्या आसपास ठेवायचे, अधिक भरून ठेवायचे नाही, असा नियम आहे. पूर्ण टाकी ठेवणे हा सौजन्याचा भाग समजणाऱ्या नव्या सदस्याला तो उलटा वाटतो. टाकीत कमी पेट्रोल असले तर पुढच्या माणसाला भरता येते, जास्त असले तर उपसावे लागते. पेट्रोल पंपावरचे ई५ प्रतीचेच (इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंत) आणायचे, ई१० (१० टक्क्यांपर्यंत) चालणार नाही, आणि ते गाळणीच्या नरसाळ्यातूनच टाकायचे, हेही त्याच पानावर आहे. ते नरसाळे नेहमी कुठेतरी हरवलेले असते, पण त्याचा दोष नियमावलीला देता येत नाही.

पाळीबाबत फार लिहिण्यासारखे नाही. ऑनलाइन कॅलेंडर आहे. एका वेळी दोनच आगाऊ नोंदी करता येतात, शनिवार-रविवार मिळून महिन्यात एकच, आणि उन्हाळ्यात प्रत्येकाला एकदा सलग सात दिवसांचा दौरा घेता येतो. डिसेंबरात चार वाजताच अंधारते आणि गवत चिखलाने भरते, तेव्हा कोणी कोणाशी भांडत नाही.

सुरक्षिततेच्या कलमांत एक वाक्य मला फार आवडते : विमान जमिनीवर ठेवण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे, ते पुन्हा उडवण्याची परवानगी देण्याचा अधिकार कोणत्याही एका सदस्याला नाही. काही शंका आली की टेक्निकल लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत लिहायचे, विमान चालवण्याच्या दांडीला लाल पट्टी बांधायची आणि सर्वांना कळवायचे. पट्टी सोडायची ती निरीक्षकाने पाहिल्यावर किंवा गटाच्या देखभाल प्रमुखाने आणि आणखी एका सदस्याने मिळून. पट्टी बांधणाऱ्याला पुढे कोणी ‘उगाच घाबरलास’ म्हणायचे नाही, हेही लिहिलेले आहे. पहिल्या वर्षी तेल तपासताना मी ती पट्टी बांधली होती. या इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत असते आणि मोजण्यापूर्वी दोन्ही इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने फिरवत राहावे लागते, तोवर की टाकीतून ढेकर दिल्यासारखा गुडगुड आवाज येतो. तीसेक वेळा फिरवूनही मला तो आवाज आला नाही आणि तेल मोजण्याच्या सळईवरची पातळी खालच्या खुणेखाली दिसली. देखभाल प्रमुख, जे निवृत्त शाळामास्तर आहेत, वीस मैल गाडी चालवून आले, त्यांनी आणखी दहा वेढे दिले, ढेकर आला, पातळी बरोबर निघाली. ‘उत्तम केले,’ एवढेच म्हणून त्यांनी लॉगमध्ये सही केली आणि नियमानुसार दुसऱ्या सहीसाठी फोन लावला. मी लाजलो होतो, पण पुढच्या वेळी शंका आली तर पुन्हा पट्टी बांधीन.

प्रवासी न्यायचा असेल तर मागील ९० दिवसांत तीन टेक ऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावीत, हा देशाचा नियम आहे. गटाचा नियम त्याहून कडक आहे : ६० दिवस उडाला नसाल तर एकट्यानेही जायचे नाही, आधी प्रशिक्षकाबरोबर एक फेरी करायची. हा नियम काही सदस्यांना जाचक वाटतो. मला वाटत नाही, कारण विमान मोडले तर सातांचे हिवाळ्याचे सगळे बेत मोडतात.

आता जळालेल्या मोटरचे पान. विम्यातला पहिला हजार पौंडांचा भार, जो विमा कंपनी उचलत नाही, तो ज्याच्या हातून नुकसान झाले त्या वैमानिकाने सोसायचा, चूक कोणाची हे न विचारता, असे कलम आहे. ‘चूक न विचारता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्यामुळे उड्डाणातील प्रसंगांवर चौकशी समित्या बसत नाहीत. परंतु दुसऱ्या वर्षी दोघे सदस्य विमान हँगरमध्ये ढकलत असताना शेपटीची कड लोखंडी दाराला घासली आणि एलिव्हेटरचा, म्हणजे शेपटीच्या आडव्या हलत्या भागाचा पत्रा वाकला. इंजिन बंद होते, उड्डाण तासापूर्वी संपले होते, आणि ढकलणाऱ्या दोघांपैकी एक त्या दिवशी उडालेलाच नव्हता, नुसता मदतीला आला होता. मग वैमानिक कोण? नियमावली या ठिकाणी मौन बाळगते. सभा तीन तास चालली; एका सदस्याने शब्दकोश आणला, दुसऱ्याने राजीनाम्याची भाषा केली आणि मला आमच्या विहिरीवरचा कट्टा आठवला. अखेर उडालेल्याने निम्मे आणि गटाच्या खात्यातून निम्मे असे ठरले. मदतीला आलेल्याला काही भरावे लागले नाही, तरी तो पुढे कित्येक महिने कोणाचे विमान ढकलायला आला नाही. त्यानंतर हँगरमधील हाताळणीसाठी एका पानाची पुरवणी तयार झाली आहे, ज्यात विमान ढकलताना शेपटीशी एक माणूस नुसता पाहायला उभा हवा असेही आहे. नियमावलीची नवी प्रत मागताना ही पुरवणी वेगळी मागावी लागते, ती मूळ कागदाला अजून जोडलेली नाही. हा ढिसाळपणा आहे आणि मी तो दोन वार्षिक सभांत मांडला आहे.

माझी मोठी तक्रार बाहेर पडण्याच्या कलमाबद्दल आहे. वाटा विकायचा तर आधी गटाला विचारायचे, गटाने नाही म्हटल्यास स्वतः गिऱ्हाईक शोधायचे, आणि नव्या माणसाला उरलेल्या सातांपैकी किमान पाच जणांनी होकार दिला पाहिजे; इथपर्यंत ठीक आहे. मात्र विक्री होईपर्यंत मासिक वर्गणी चालूच राहते आणि तिला कालमर्यादा नाही. आमच्यातील एका वयस्कर गृहस्थांना प्रकृतीच्या कारणाने उड्डाण थांबवावे लागले. त्यानंतर चौदा महिने ते, ज्या विमानात बसू शकत नव्हते त्या विमानाची वर्गणी भरत होते, कारण हिवाळ्यात वाटे खपत नाहीत आणि उन्हाळ्यात आलेल्या दोन उमेदवारांना मते कमी पडली. गटाने नकार दिल्यावर सहा महिन्यांनी वर्गणी निम्मी व्हावी, असा माझा प्रस्ताव चार विरुद्ध चार मतांनी पडला. सदस्याचा मृत्यू झाल्यास वारसांना वाट्याची किंमत मिळते पण विमानाची पाळी मिळत नाही, हे कलम मात्र नीट विचार करून लिहिलेले आहे. वारसांकडून वर्गणी घेतली जात नाही. जिवंत माणसालाही तेवढी सवलत द्यायला हरकत नव्हती.

वर्षाला तीस तासांहून अधिक उडणाऱ्याला हा व्यवहार परवडतो. माझ्या हिशेबात जवळच्या क्लबकडून भाड्याने घेतलेल्या तासाच्या निम्म्याने खर्च येतो. दहा-बारा तास उडणाऱ्याने वर्गणीचा गुणाकार करून पाहावा आणि क्लबमध्येच राहावे. पाचपैकी चार गुण मी देतो, एक कापतो तो बाहेर पडण्याच्या कलमासाठी. येत्या वसंतात एक वाटा मोकळा होतो आहे. सचिव विमान दाखवण्यापूर्वी अकरा पाने पाठवतात आणि वाचून झाल्याचे लेखी कळवल्याशिवाय हँगरची किल्ली काढत नाहीत. त्यांना उत्तर पाठवताना हँगरची पुरवणीही मागून घ्यावी.