पिकअपच्या हौद्यात नायलॉनचे बुश: एका पावसाळ्यासह अकरा महिने

हर्णै बंदरावरून मासळी उचलणारी माझी पिकअप आहे. हौद्यात ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा, खाली लोखंडी फ्रेम. गंजायला नको म्हणून जादा पैसे देऊन स्टेनलेसचे बोल्ट लावले होते. दोन वर्षांनी बोल्ट चकचकीत, पण प्रत्येक बोल्टाभोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन झडलेला. एका ठिकाणी तर भोक एवढं वाढलं, की बोल्ट डोक्यासकट खाली गेला.

दोन वेगळे धातू टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की बॅटरीचा सेलच तयार होतो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमच्या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. होडीच्या पंख्याजवळ झिंकचा ठोकळा असतो, तो स्वतः झिजून बाकीचं वाचवतो, पण त्यासाठी तो पाण्यात बुडालेला लागतो. गाडीला ठोकळा लावून उपयोग नाही. धातूला धातू टेकू न देणं, हाच उपाय.

ऑक्टोबरात नवा पत्रा टाकताना फ्रेमवर रबराची पट्टी घातली आणि बोल्टांना वर-खाली नायलॉनचे वॉशर. पत्रा आणि फ्रेम यांच्यात मल्टीमीटर लावला तर बीप, म्हणजे दोन्ही अजून जोडलेले! बोल्टाचा दांडा भोकाच्या कडेला टेकत होता. मग भोकं मोठी करून प्रत्येकात नायलॉनचा बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी कॉलरवाली नळी, बसवला. चोवीसांपैकी एकही बोल्ट टेकला तरी अख्खा पत्रा फ्रेमला जोडला जातो आणि कुठेही बीप येतो, चुकार बोल्ट सापडत नाही. म्हणून एकेक बोल्ट आवळायचा आणि लगेच तपासायचा, तेही सगळं कोरडं असताना. अख्खी दुपार गेली, पण या कामात खरं महत्त्व याच दुपारचं आहे.

दुसऱ्या दिवशी पत्र्यावर बसवलेला बाजूचा दिवा बंद. त्याची अर्थिंग पत्र्यातूनच जात होती. वेगळी वायर ओढावी लागली.

वरून लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतल्या मेणाचा स्प्रे मारला. वॉशरखाली तो अजून चिकट आहे, उघड्या जागी मात्र बर्फाच्या पाण्याने महिनाभरात धुऊन जातो आणि तोवर वाळूही धरतो. मी आता सांध्यांपुरताच मारतो. तांब्याचं ग्रीस ॲल्युमिनियमला लावू नका, तांबं ॲल्युमिनियमला आणखी खातं.

रोज रात्री गोड्या पाण्याने धुणं चुकवत नाही. हवेतला ओलावा पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात एवढा ओलावा रोजचाच. शेडखाली उभी केली म्हणून गाडी कोरडी राहत नाही.

परवा सगळे बोल्ट सोडून पाहिले. तेवीस जागी पत्रा पहिल्यासारखा. मागच्या डाव्या कोपऱ्यात तेवढी चिमूटभर पांढरी भुकटी. तो बोल्ट गॅरेजमध्ये हवेच्या गनने आवळला होता आणि बुशची कॉलर चिरडली होती. नवा बुश घातला, आता हातपान्यानेच आवळतो.