आठ महिने समुद्री टाकी: तक्रार एकाच काट्याबद्दल

काल रात्री पाण्याचा खारटपणा मोजायच्या हायड्रोमीटरचा काटा पुन्हा १.०२२ वर, म्हणजे हव्या त्या १.०२६ च्या खाली, येऊन बसला, आणि महिनाभर टाळलेलं हे लिखाण आज हातावेगळं करतोय. मागच्या कप्प्यातच फिल्टर असलेली ७५ लिटरची तयार टाकी. काच, पंप, दिवा सगळं जुळवून येतं आणि सोबत हा हेलकावणाऱ्या काट्याचा हायड्रोमीटर ‘भेट’ म्हणून मिळतो. टाकीचे आकडे खोक्यावर छापलेले असतात, ते पुन्हा लिहीत नाही.

पंपाचा आवाज नाही, काचेचे सांधे स्वच्छ. तक्रार काट्याची, आणि ती मिठाची आहे.

कोरडा खडक आणि रेती घालून मी मासे न सोडता सायकल सुरू केली, म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढवायला घेतले. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) नेला, बाटलीतले जिवाणू ओतले आणि वाट पाहत बसलो. तिसऱ्या आठवड्यात काटा १.०२१ दाखवू लागला. पाणी उडालं तर खारटपणा वाढायला हवा, कमी कसा होईल, हा साधा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही. खडक-रेती वजा जाता खरं पाणी साधारण ६० लिटर. हिशोब करून दोन दिवसांत ४०० ग्रॅम मीठ घातलं. काटा १.०२६ वर आला, मी खूश.

पुढे रिफ्रॅक्टोमीटर घेतला, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा सांगणारी नळी. तो नुसत्या गोड्या पाण्यावर शून्य करून थांबू नका. ३५ च्या, म्हणजे समुद्रासारख्या किलोमागे ३५ ग्रॅम खारटपणाच्या, कॅलिब्रेशन द्रावणावर लावा. तसा लावला तर टाकीत ४० निघाले! साडेसात लिटर खारं पाणी काढून तेवढंच गोडं, दोन दिवसांत थोडं थोडं करून घातलं. मासे नव्हते म्हणून निभावलं. मीठ मात्र मोरीत गेलं.

मीठ वाया जायची ती दुसरी वेळ. पहिली त्याआधीच्या आठवड्यातली. नायट्रेटची चाचणी गडद लाल आली, मी घाबरून निम्मं पाणी बदललं. नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटची चाचणी फुगवून आकडा दाखवते, हे नंतर कळलं. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत ती बाटली उघडायचीच नाही. तसंही खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड नायट्राइटला माशांच्या अंगात फारसं शिरू देत नाही. गोड्या पाण्यातली टाकी सांभाळलेल्या माणसाची भीती इथे उगाच आडवी येते.

पाचव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि रेतीवर तपकिरी धूळ. डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ. मी रोज खरवडत होतो, ती रोज परत येत होती. दोष माझ्या कंजूषपणाचा: पिण्याच्या आरओचंच पाणी वापरत होतो, पुढे उरलेसुरले क्षार रेझिनने शोषणारं डीआय कार्ट्रिज नव्हतं. डायटमच्या कवचाला सिलिका लागते आणि ती मी दर बादलीमागे पुरवत होतो. शेवटी कार्ट्रिज जोडलं. त्यातही मेख आहे: रेझिन संपत आलं की सिलिका आधी निसटते, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर तेव्हाही शून्याजवळच असतो. आकडा चढायची वाट पाहिलीत तर उशीर झालेला असतो. धूळ दोन-तीन आठवड्यांत ओसरली. पाण्याने की आपोआप, खात्रीने सांगता येणार नाही, कारण डायटम बहुतेकदा स्वतःच कंटाळून जातात.

मग हिरवे केस, म्हणजे केसांसारखं शेवाळ. तिसऱ्या महिन्यात खडकाला दाढी फुटली आणि चाचणीत शेवाळाचं खाद्य असलेलं फॉस्फेट जेमतेम ०.०२ पीपीएम! चाचणी खोटी नव्हती. खडकात मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत होतं आणि शेवाळ ते पाण्यात येताच गट्ट करत होतं. दिवा ११ तासांवरून ६ वर आणला. दर रविवारी टूथब्रशने घासताना दुसऱ्या हातात सायफनची नळी धरायची, म्हणजे सुटलेले तुकडे पुन्हा रुजत नाहीत. फॉस्फेट शोषणारी पूड आणायचा मोह आवरला. पैशांसाठीच आवरला, पण बरं झालं. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य केले की डायनोफ्लॅजेलेट्स या चिकट थर धरणाऱ्या सूक्ष्म जीवांना रान मोकळं मिळतं. ती बुडबुड्यांची शेंबडी दोरी घालवण्यापेक्षा हिरवी दाढी परवडली.

शेवाळ खायला गोगलगायी घ्याल तर ट्रोकस जातीच्या घ्या. मी आधी अ‍ॅस्ट्रिया आणल्या. त्या काचेवरून पडल्या की उलट्याच राहतात. त्यांना सरळ करायची रात्रपाळी मी महिनाभर केली. ट्रोकस स्वतःच उठते.

आता सहा आठवडे दाढी नाही, क्लाउनफिशची जोडी मजेत आहे.

आणि काटा? मागे एकदा चिडून तो व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवला होता. सकाळी धुऊन पाहिलं तर रिफ्रॅक्टोमीटरशी तंतोतंत जुळला. म्हणजे काटा मुळात खोटा नव्हताच. वापरून तसाच ठेवला की त्यावर मिठाचा पापुद्रा चढतो, काटा जड होतो, खाली बसतो आणि कमी आकडा दाखवतो. दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचा, एवढंच. परवा मी पुन्हा विसरलो, कबूल. पण चाळीस पानी पुस्तिकेत दिव्याच्या वायरचं चित्र तीनदा आहे आणि ‘काटा धुवा’ हे एकदाही नाही.

टाकीला पाचपैकी चार. ती ओळ छापली तर उरलेल्यातला अर्धा देईन. बाकीचा अर्धा माझ्या ४०० ग्रॅम मिठाचा.